शिवेबाहेरची फांदी

गुड्डीचा लाकडी नंदी गावतळ्याच्या काठावर, बोडीच्या पाळीवर सापडला. गुड्डी सापडली नाही.

एकोडीत त्या दिवशी तान्हा पोळा होता, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांच्या लाकडी बैलांचा सण. मारुतीच्या पारापुढं पोरं आपापले नंदी सजवून उभी होती, भोंगा बोंबलत होता, पोट्ट्यांचं दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागणं चाललं होतं. अशा गर्दीत चार वर्षांची पोर दिसेनाशी झाली तर कोण मनावर घेतो? असेल इथंच कुठं, म्हणून सगळे निवांत. मग एक जण धापा टाकत आला आणि म्हणाला, यादोरावच्या नातीचा नंदी पाण्याकाठी पडला हाये.

गुड्डीची आई गुंजन अनवाणीच धावली. पावसाळ्यात तुडुंब भरलेली बोडी, आणि त्यात उतरून पायानं तळ चाचपणारी चार माणसं. त्यातला कोणी थांबला, खाली वाकला, की ती आणखी एक पाऊल पाण्यात उतरे. लेकीला हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

"थ्या निकेशचंच काम हाये!" मागून तिचा बाप यादोराव ओरडला. "कोर्टात पोरगी भेटत नाही म्हनून उचलली!"

निकेश म्हणजे गुंजनचा नवरा. राहणार बपेऱ्याचा. दोघांचा सोडचिठ्ठीचा खटला वर्षभर रखडला होता आणि नेमका आज तो गावात आला होता. झालं! गावाला निकाल द्यायला कुठलं कोर्ट लागतं? लोकांनी त्याची कॉलर धरून त्याला ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसवून ठेवलं.

हवालदार कामिनी पोचली तेव्हा निकेशचा शर्ट फाटलेला होता. ही बाई याच तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. आवाज हळू, पण नजर भारी चिकट. आल्या आल्या तिनं नंदी हातात घेतला, उलटा केला, चाकं फिरवून पाहिली. पाळीवर घोट्याएवढा चिखल होता. चाकांना मात्र चिखलाचा ठिपका नव्हता. गळ्यात लाल दोऱ्याचं एक तुटकं टोक लोंबत होतं.

"पान्यात शोधनं थांबवू नोका," ती म्हणाली. "पन हा नंदी पोरीनं ओढत आनला नाही. कोनीतरी उचलून आनून ठेवला."

मग ती निकेशसमोर जाऊन बसली.

"कायले आला होता?"

"पोरीचा नंदी पाहाले. गुंजननंच या म्हटलं होतं."

"पोरगी भेटली?"

"नाही जी. मी पोचलो तं ते पारावर नव्हतीच. तिलेच शोधून राहिलो होतो, तं यायनं मलेच धरलं."

"नंदीच्या गळ्यात काय बांधलं होतं?"

"काही नाही. नंदी मीच करून देला, सागाचा. गळा मोकळाच होता."

शेजारची पुष्पाबाई मध्येच बोलली. "मोकळा कायचा? सकाळी गुड्डी माह्या दारावरून गेली तं घुंगरं कशी छुमछुम वाजत होती! पितळेची, नवीकोरी."

"कोनं आनली?"

यादोराव म्हणाला, गुंजननं आणली असतील. गुंजन म्हणाली, मले वाटलं बाबानं आनली. घुंगरं दोघांनीही आणली नव्हती, आणि आता ती नंदीच्या गळ्यातही नव्हती.

कोणीतरी गुंजनच्या लेकीपर्यंत आधीच पोचलं होतं, आणि तिला पत्ताही नव्हता.

"म्याडम, अजून एक गोष्ट हाये," ती कामिनीला म्हणाली. "सकाळी दारात मेढा होता."

भोवतालच्या बायांनी एकदम तोंडाला पदर लावले. पोळ्याच्या संध्याकाळी घरोघरी दारात पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांनाच मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उचलून "इडापिडा घेऊन जा गे मारबत" असं पीडा वाहून नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगत शिवेबाहेर फेकतात. एकदा फेकलेला मेढा परत गावात येत नाही. तो कोणाच्या दारात आणून टाकणं म्हणजे गावाची सारी पीडा त्या घरावर लोटणं. यादोरावनं पहाटेच घरचे मेढे नेऊन फेकले होते. आणि सकाळी गुंजन झाडायला बाहेर आली, तर उंबऱ्यावर एक फांदी आडवी पडलेली.

"फेकली का थे?"

"हात लावाचाच भेव वाटला. टोपल्याखाली झाकून ठेवली."

गुंजनच्या घरी जाऊन कामिनीनं टोपलं उचललं. फांदी बराच वेळ पाहिली, कापलेल्या जागी बोट लावलं. बोट चिकटलं. मग ती गुंजनला घेऊन रांधणीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"निकेशशिवाय तुह्या आयुष्यात कोन हाये?"

"कोनी नाही."

फारच पटकन म्हणाली ती.

"गुंजन, फांदी पाय. काल तोडलेली असती तं पानं आतापर्यंत सुकून मुडपली असती. शिवेवरून उचलली असती तं लोकायच्या पायाखालचा चिखल असता. हे सकाळीच तोडली, चीक अजून वाळला नाही. आता सांग, आपल्या इकडचा मानूस कोनावर पीडा लोटाले निघाला, तं ताजी फांदी कायले आनंन? तिच्यात पीडा कुठची? शिवेबाहेर ढीग पडला हाये, त्यातलीच उचलंन ना! हे ज्यानं केलं, त्यानं मारबत ऐकली हाये, कधी फेकली नाही. कोनाले सांगत बसली होतीस तू?"

गुंजनला आठवलं, मेढ्यांची गोष्ट कोणाला सांगितली ते. हसत हसत, खांद्याला खांदा लावून.

पण ते नाव कसं घ्यावं? पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख होती. खटला चालू असताना बाई दुसऱ्यासोबत फिरते, एवढं कागदावर आलं की निकेशचा वकील सोडणार नव्हता. गुड्डी हातची गेलीच म्हणायची. आणि नाव नाही घेतलं तर? बाहेर पाण्यात अजून माणसं होती.

"मनिष," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "नागपूरचा हाये. साकोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाये त्याचं, वरच्या खोलीत राह्यते. पन त्यानं गुड्डीले कधी पाह्यलंसुद्धा नाही, म्याडम! मीच भेटू नाही देलं."

"शेवटची भेट?"

"मागच्या हप्त्यात. निकाल लागेपर्यंत भेटाचं नाही म्हटलं मी. थो काही बोललाच नाही. नुसता हसला."

"आज निकेश येनार, हे त्याले माहीत होतं?"

गुंजननं होकारार्थी मान हलवली.

"फोन लाव. लवकर ये म्हन. मी इथं हाये हे नोको सांगू."

मनिष स्कूटीवर आला. गल्लीतल्या गोट्यांवरून गाडी उडत होती, आणि प्रत्येक धक्क्याला तिच्यातून बारीक आवाज येत होता. छुम. छुम. पुष्पाबाईनं कान टवकारले.

"घाबरू नको गुंजन," गाडी लावता लावता तो म्हणाला. "मी आहे ना. पोरगी मी शोधून आणतो. तुझ्या नवऱ्यानंच नेली असेल."

"डिक्की उघड," कामिनी म्हणाली.

"का?"

"उघड म्हटलं ना."

डिक्कीत दुपट्ट्यात गुंडाळलेली पितळी घुंगरं होती, तुटक्या लाल दोऱ्यात ओवलेली. नंदीच्या गळ्यातलं टोक त्या दोऱ्याला अगदी जुळलं.

"खोलीची किल्ली दे. पोरगी तिथंच हाये ना?"

त्यानं एकदा गुंजनकडं पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून दिली. कामिनीसोबत आलेला शिपाई गाडी घेऊन साकोलीला सुटला.

आता नुसतं वाट पाहणं होतं. लोकांनी सोडून दिलेला निकेशही येऊन दारात बसला होता. यादोराव मधल्या काळात भडकून उठला. "अबे, पन कायले केलं यानं हे?"

"बाईले भेव लागावा म्हनून," कामिनी म्हणाली. "तिनं भेटनं बंद केलं. यानं ठरवलं, इले असं घाबरवू की माह्याशिवाय आधारच नाही भेटला पाह्यजे. घुंगरं देऊन पोरीशी आधीच गट्टी केली. सकाळी दारात फांदी टाकली, पन ऐकीव गोष्टीवर. नागपुरात मारबतीचा पुतळा निघते, दारातले मेढे यानं कुठं पाह्यले? नंतर पोरीले गर्दीतून उचललं. पाळीवर थांबून नंदी ठेवला, म्हंजे मायचा जीव अर्धा होते. चिखलात ओढाची अक्कल नाही आली. घुंगरं मात्र काढून घेतली, कारन थे कोनी आनली हे विचारल्या गेलं असतं. निकेश गावात होताच, नाव त्याच्यावर. संध्याकाळी हा पोरगी घेऊन आला असता, तं तुमीच याची आरती केली असती."

"पोरगी बोलली नसती?" यादोरावनं विचारलं.

कामिनीला त्याचं उत्तर द्यावं लागलं नाही. शिपायाची गाडी आली. गुड्डीचं तोंड रडून रडून सुजलेलं होतं, पण पोर धड होती. गुंजननं तिला छातीशी धरलं तेव्हा कुठं तिचा आवाज फुटला, आणि तो सगळ्या गल्लीनं ऐकला.

"पप्पा कुठं होते?" गुड्डी हुंदके देत म्हणाली. "काका म्हने पप्पानं बोलावलं."

पोरगी बोलली असती, तरी तिच्या तोंडी नाव पप्पाचंच आलं असतं. निकेशनं तोंड फिरवलं.

कामिनीनं जबाबाचा कागद काढला, गुंजनला जवळ बोलावलं आणि आवाज आणखी उतरवला. "ओळखीचा मानूस, एवढंच लिहू का?"

बाप ऐकत होता. नवरा ऐकत होता. गुंजन लेकीला कडेवर घेत म्हणाली, "नाही. खरं काय थे लिहा. मी नाव घेनार नाही, याच भरवशावर होता ना थो? आता लपवनार नाही."

"वकील वाचंन."

"वाचू द्या."

यादोराव घरात निघून गेला. निकेश उठला, नंदी लेकीच्या हातात दिला, तिच्या केसांवरून हात फिरवला. मग गुंजनकडं न पाहता म्हणाला, "आज राहू दे तिले तुह्याजवळ."

गुंजनला त्यातला 'आज' तेवढाच ऐकू आला. तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं.