अखेरोनच्या घळीतला मध

"मधाला बोट लावू नका हं. मेलेल्याचा घास जिवंतांनी चाखायचा नसतो."

सासूबाईंचा आवाज फिलिनाच्या कानांत अजून ताजा होता. तिचा नवरा मिरोन समुद्रात बुडाला. देह मिळाला नाही, मूठभर मातीही पडली नाही. म्हणजे बिचारा पाताळनदीच्या अलीकडच्या काठावर एकटाच ताटकळत असणार. अखेरोन नदीच्या घळीत, पाताळाच्या तोंडाशी मध ओतायचा, तीनदा हाक मारायची, मग नावाडी त्याला पैलतीरी नेईल. एवढ्यासाठी ती धाकट्या दिराला, दामिसला घेऊन निघाली होती. वाट दाखवायला म्हातारा धनगर ग्लौकोस होता.

"वहिनी, द्या ते मडकं इकडे."

"नको बाबा, वाटेतच चाटून ठेवशील!"

"सावकाश रे पोरांनो," ग्लौकोस म्हणाला, "पाताळात जायची एवढी कसली घाई? सगळ्यांचाच नंबर लागणार आहे!"

कोकितोस नदी अखेरोनला येऊन मिळते, तिथे पाणी हुंदके दिल्यासारखं वाजत होतं. तिथून वर घळ अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंना उभे कडे, माथ्यावर आभाळाची चिंधी आणि कमरेपर्यंत बर्फासारखं गार, निळं पाणी.

अचानक दामिसचा पाय सटकला!

"वहिनी!"

धार त्याला ओढू लागली. डोकं खडकावर आपटलं. फिलिनाने मडकं कपारीत ठेवलं आणि उडी घेतली! अंगरखा हाती लागला. निसटला. पुन्हा लागला! ग्लौकोसने काठीचा आकडा पुढे केला आणि दोघांना खडकावर ओढून घेतलं.

दामिसचे ओठ काळेनिळे पडले होते. लाकडं ओली, जाळ पेटेना.

"पोटात काहीतरी गोड जायला हवं," ग्लौकोस म्हणाला, "नाहीतर पोरगं हातचं जाईल."

शिदोरी वाहून गेली होती. फिलिनाने मडक्याचं मेण फोडलं.

"अगं पोरी, तो पाताळाचा घास!" ग्लौकोस दचकला.

"ते असते तर त्यांनीच आधी भरवला असता."

"द... दादा रागावेल," दामिस कुडकुडत म्हणाला.

"रागावू देत. मी समजूत घालीन. आ कर."

बोटाबोटाने तिने सगळा मध त्याला चाटवला. हळूहळू गालांवर रंग आला. मग तळवे जमिनीकडे करून तिने पाताळराणी पर्सेफोनीला नमस्कार केला आणि पाण्यावर वाकली.

"मिरोन! मिरोन! मिरोन! अहो, थोडी कळ काढा. तुमचा घास दामिसला दिला. दुसरा घेऊन मी येते."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकलं. झोपलेल्या दामिसचे तळपाय चाचपले, कितीतरी वेळ हातांत धरून ठेवले.

"ऊब आहे गं," त्या एवढंच म्हणाल्या आणि मधाचा रांजण उघडला.

उजाडताना फिलिनाने भरलेलं मडकं मेणाने बंद केलं. दामिसच्या अंगावर घोंगडी सारखी केली. कुणाची झोप मोडू नये म्हणून अनवाणीच अंगण ओलांडलं, फाटकापाशी चपला घातल्या, आणि ती घळीच्या वाटेला लागली.