न सांगितलेला निरोप

इस्पितळाच्या कॉरिडॉरमधून ती घाईघाईने चालली होती आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यांचा हात एकाएकी हवेत उडाला. तिचा चष्मा भिंतीवर आपटून खाली पडला.

"वडिलांच्या वतीने माफी मागतो," शेजारी बसलेला तरुण वाकून चष्मा उचलत म्हणाला. "हात त्यांचाच आहे, पण हल्ली त्यांचं ऐकत नाही."

"माहीत आहे मला. याच आजारातल्या पेशींवर काम करते मी, वरच्या प्रयोगशाळेत."

"मग ओळख व्हायलाच हवी." त्याने वाकडी झालेली काडी डोळ्यांसमोर धरली. "माझं चष्म्याचं दुकान आहे, समोरच्या गल्लीत. सरळ करून ठेवतो. न्यायला मात्र तुम्हालाच यावं लागेल."

"आणि तोवर मी चाचपडत फिरू?"

"जुना वापरा. घरात जुना चष्मा नाही असं गिऱ्हाईक अजून पाहिलं नाही मी."

ती चष्मा न्यायला गेली. मग स्क्रू सैल झाला म्हणून गेली, नाकाला टोचतो म्हणून गेली. काहीच बिघडलेलं नसतानाही गेली, तेव्हा त्याने काचा पुसल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बरं झालं आलात. फारच धूळ होती." बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. दोघंही हसू दाबत पाऊस बघत राहिले.

"पेशीवाल्या बाई, तुम्ही वर नेमकं करता तरी काय?" त्याने विचारलं.

ती सांगू लागली. मेंदूतली पेशी एकटी जगत नाही. दुसऱ्या पेशी तिला सारखा निरोप धाडत असतात – तू हवी आहेस, जगत राहा. या आजारात तो निरोप निघतो, पण वाटेतच अडकतो. वाट पाहून पाहून ती पेशी मरून जाते.

"म्हणजे कुणी विचारत नाही म्हणून मरते?"

"विचारतात. तिच्यापर्यंत पोचत नाही."

यावर तो हसला नाही.

आजार घराण्यातला होता. बापाकडून लेकाकडे यायची शक्यता निम्मी. तपासणीला त्याने साफ नकार दिला होता. तरी संशोधनासाठी वडिलांच्या कातडीचा नमुना घेतला, तेव्हा त्यानेही आपला दंड पुढे केला. अट एकच: जे निघेल ते मला कळता कामा नये.

त्या कातडीपासून मेंदूच्या पेशी वाढवायला काही महिने लागले. तेवढ्या महिन्यांत ती त्याच्यात पुरती गुंतली. नमुन्यांवर नावं नसत, पण त्या खेपेला बाप-लेकाची जोडी एकच होती. मायक्रोस्कोपखाली निरोपाचे ठिपके चमकत पुढे निघाले, मध्येच थबकले आणि विझले. तिने पुन्हा पाहिलं. दुसऱ्या बशीतल्या पेशी पाहिल्या. लेकाच्या पेशी बापाच्याच वाटेने चालल्या होत्या. ती बेसिनपाशी गेली आणि कितीतरी वेळ नुसतीच हात धूत राहिली.

त्यानंतर ती दुकानाकडे फिरकली नाही.

वडिलांना तपासणीला आणलं त्या दिवशी त्याने तिला त्याच कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"येणं बंद केलंत."

"काम… वाढलंय जरा."

"मला कळवू नका म्हटलं होतं. तुम्ही कळवलं नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "पण न येऊन कळवलंतच."

ती बाकावर, म्हाताऱ्यांशेजारी बसली.

"चुकले मी," ती म्हणाली. "आजाराला घाबरून पळाले नाही. तुमच्यासमोर रडू फुटेल, याला घाबरले."

त्याने वडिलांचा उडणारा हात धरून ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता. मग म्हणाला, "आईला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा मी पाळण्यात होतो. त्या मानाने तुम्ही सुटलात. जा."

"लग्नाचं कुणी विचारलंय मला?"

"विचारणार होतो. आता नाही विचारत."

"मग मी विचारते."

"पेशीवाल्या बाई…"

"माझ्याकडे औषध नाही. वेळेत निघेल असंही खोटं सांगणार नाही. पण तुम्ही मला हवे आहात, एवढा निरोप तरी पोचू दे."

त्याने मान फिरवली. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"नीट विचार कर," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

"केलाय."

आतून बोलावणं आलं. दोघांनी म्हाताऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. त्यांचा खांदा तिच्या हाताखाली सारखा हिसके देत होता. एक दिवस आपण त्यांच्या लेकालाही असंच धरून इथे आणणार, हे तिला ठाऊक होतं. तिने पकड आणखी घट्ट केली.

"या कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला, पण सगळे थांबले.

"सून," ते म्हणाले.