कंसातलं 'अस्पष्ट'

खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. पण हे माझ्या धाकट्या नणंदेच्या, अनघाच्या बाबतीत घडलंय. सिंगापूर, पाया लेबार भागातलं तिचं ऑफिस, अकरावा मजला. गेल्या मार्चमधला मंगळवार. भर दुपारचे तीन.

अनघा सबटायटल्स करते. माहितीपटात ऐकू येईल ते लिहायचं. पावलं, दार, खोकलासुद्धा. नाहीच कळलं तर कंसात 'अस्पष्ट'.

त्या दिवशीचा माहितीपट तुर्कस्तानच्या स्वातंत्र्यलढ्याचा. पडद्यावर तिथल्या 'बोलू' नावाच्या प्रांतातली म्हातारी, शेजारी तिच्या बोलण्याचं भाषांतर. १९२० साली तिचं गाव सुलतानाशी इमान राखून अंकारावाल्यांविरुद्ध, म्हणजे स्वातंत्र्यवाल्यांविरुद्धच, उठलं. तिच्या आजोबांना चौकात फाशी दिली.

"त्यांचं नाव हालिल," म्हातारी म्हणाली. "शंभर वर्षं आमच्या घरात कुणी मोठ्याने घेतलं नाही."

लख्ख ऐकू आलं.

मॅनेजर मागे येऊन उभा. "अनघाताई, नाव काढा. अस्पष्ट टाका."

"अहो, स्पष्ट आहे की!"

"क्लायंटला गद्दारांची नावं नकोत. तुमचे कोण लागतात ते?"

सिंगापुरात नोकरीचा पास कंपनीकडूनच रिन्यू व्हायचा होता. दातओठ खात अनघाने टाकलं... 'अस्पष्ट'.

हेडफोनमध्ये दोर ताणल्याचा आवाज. करर्र...

तिने हेडफोन काढले.

आवाज चालूच.

संध्याकाळी बिशान भागातल्या आपल्या घरात शिरली, तर नवऱ्याने, विश्वासने हाक मारली. "अगं... चहा घेतेस ना?"

'अगं'नंतर तिच्या नावाच्या जागी... करर्र.

"मम्मी, डॅडी कॉलिंग यू लाह!" लेक ऋचा तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागली.

फोनवर आईने हाक मारली. तिथेही तेच.

अनघाने रात्र घाबरून जागून काढली. सकाळी मात्र संतापली. तरातरा ऑफिसात जाऊन तिने 'हालिल' टाइप केलं. "माणूस मारलात, वर नावही गिळता? पास गेला खड्ड्यात!"

"अनघा!" कुणीतरी हाक मारली. स्वच्छ ऐकू आली.

संध्याकाळी मॅनेजरने स्वतःच्या लॉगिनने पुन्हा 'अस्पष्ट' केलं आणि फाइल पाठवून दिली.

शुक्रवारी मीटिंगमध्ये क्लायंटने विचारलं, "फाइलवर शेवटचा हात कुणाचा?"

मॅनेजरने ऐटीत आपलं नाव सांगितलं. ओठ हलले...

करर्र.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

तुम्ही म्हणाल, मी त्याचं नाव मुद्दाम लपवलं. मी? असल्या माणसाचं? या गोष्टीत दर वेळी ठणकावून लिहिलं होतं हो. आत्ता वाचायला घेतलं, तर सगळीकडे नुसतं... 'मॅनेजर'.

'हालिल' मात्र जिथल्या तिथे आहे.

त्याला हात लावायची माझी छाती नाही.