आष्टीच्या पुढे

परतूरहून आष्टीला जाताना अकरा गतिरोधक लागतात. सात दिसतात, चार दिसत नाहीत. त्यांच्यावरचे पांढरे पट्टे कधीच उडून गेले आहेत. सुमेधाला हा हिशेब लहानपणापासून पाठ होता. तिचे वडील, अण्णासाहेब, एकोणतीस वर्षं या भागात एसटी चालवत होते. न दिसणाऱ्या त्या चारांवरसुद्धा त्यांच्या गाडीतली म्हातारी माणसं कधी सीटवरून उडाली नाहीत. अण्णासाहेबांची एक सवय होती. गतिरोधक यायच्या जरा आधी ते स्टेअरिंगवर बोटातली अंगठी दोनदा वाजवायचे. टक, टक. तेवढ्याने डुलक्या घेणारे दूधवाले जागे होऊन किटल्यांवर हात ठेवायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी तेरा सीटची ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढून समोरासमोर दोन बर्थ बसवले, एक कपाट केलं, छोटी शेगडी ठेवली, डॅशबोर्डवर बुद्धाची वीतभर मूर्ती चिकटवली. "जिंदगीभर लोकायला फिरवलं, आता सत्यशीलाबाईला फिरवतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वेरूळपासून सुरुवात करून सांची, मग थेट बोधगया असा बेत होता. आतल्या भिंतींचा पत्रा अजून उघडाच होता, तेव्हा गेल्या जानेवारीत एका सकाळी चहाचा कप हातात असताना ते गेले.

त्या दिवसापासून सत्यशीलाबाईंची झोपही गेली. रात्री दोन तास, फार तर अडीच. जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, डोळा लागायचा नाही. दोनदा गॅस तसाच चालू राहिला. एकदा त्या अंगणातल्या पायरीवरून पडल्या. रक्तदाब चढत गेला. "औषधं बदलून बघू," डॉक्टर म्हणाले, "पण यांना झोप मिळाली पाहिजे. नाहीतर अवघड आहे."

सुमेधा भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. आईला झोप नेमकी कुठे लागते याची तिने महिनाभर नोंद ठेवली. उत्तर सरळ होतं: चालत्या गाडीत. ट्रॅव्हलरच्या बर्थवर पडल्या की पाचव्या मिनिटाला त्यांचे डोळे मिटत. पण पहिल्याच गतिरोधकाला दचकून उठत.

"बाबाच्या गाडीत तर तू आष्टीपर्यंत घोरायचीस," सुमेधा म्हणाली.

"ते सांगायचे. तू सांगत न्हाईस."

"काय सांगत नाही?"

"धक्का येऊन राह्यला ते."

सुमेधाने ते हसण्यावारी नेलं. अंगठ्या वाजवत बसण्यापेक्षा धक्काच लागणार नाही अशी गाडी करणं तिला जास्त पटलं.

तातेराव हे अण्णासाहेबांचे जुने दोस्त, डेपोत मेकॅनिक होते. त्यांचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. त्यांनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक पाटा कमी केला, रबरी बुश बदलले. सुमेधाने टायरची हवा मोजूनमापून कमी केली, फरशीवर डांबरी शीट चिकटवली आणि मोबाइलमध्ये आवाज व धक्के मोजायचं अॅप घेतलं. उघड्या पत्र्याची गाडी ताशी पन्नासला अठ्ठ्याहत्तर डेसिबल ओरडत होती. शीटनंतर ती एकाहत्तरवर आली.

"जयभीम!" तातेराव मोबाइलच्या तोंडाशी मोठ्याने म्हणाले. आकडा टुणकन चौऱ्याऐंशीवर गेला. "बिलकुल बराबर! ऐकू येतं याला. माझ्या बायकोपेक्षा बरं हाय."

"कुजबुजलात तरी हलेल, काका."

ते कुजबुजले. आकडा हलला.

आता भिंती राहिल्या होत्या. आवाज शोषायला कापसासारखं दुसरं काही नाही, हे ती विद्यार्थ्यांना शिकवत असे. आणि घरात कापूस होता. अण्णासाहेबांची गादी गुंडाळून माळ्यावर ठेवलेली होती, चांगला बावीस किलो कापूस. गल्लीत रीत अशी की गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात नाहीतर वेशीबाहेर टाकतात. अण्णासाहेब हयातभर असल्या रिवाजांना हसत आले होते. त्यांचीच गादी त्या रिवाजापायी फेकायची, हे सुमेधाला त्यांचा अपमान केल्यासारखं वाटलं. तिने गादी रिक्षात घालून हनीफभाई पिंजाऱ्याकडे नेली.

हनीफभाईंनी खोळ उसवली. कापसाचा एक पुंजका हातात घेऊन त्यांनी तो बोटांनी उकलून पाहिला.

"हा अण्णासाहेबांचा ना?"

"हो. पिंजून द्या. गाडीच्या भिंतीत भरायचाय."

"पिंजतो, बेटा. पण नवा घेतला असता. जुन्या कापसाला माणसाची सवय असती. मशीनमधून ती जात न्हाई."

सुमेधा हसली. हनीफभाई हसले नाहीत. पिंजलेला कापूस त्यांनी दोन गोण्यांत भरला आणि पैसे घेतले नाहीत.

भिंती भरल्या, वरून प्लायवूड लागलं. पुढच्या रविवारी दुपारी ताशी पन्नासला आकडा त्रेसष्ट होता. सरकीने भरलेल्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या, पण कुठेतरी लांब, विहिरीच्या तळाशी जाताहेत असं वाटत होतं. खिडकीबाहेर तुरीची रानं, वेचणीला आलेला कापूस, कललेलं ऊन. सुमेधाने आरशात पाहिलं. आई एका कुशीवर, गालाखाली हात. पहिला गतिरोधक गेला. दुसरा गेला. आष्टीच्या बाजारात गाडी थांबली तरी आई झोपलेलीच होती.

त्या संध्याकाळी तिने मोबाइलवरची नोंद तपासली. धक्क्यांच्या रेघेवर अकरा उंचवटे होते, जिथे हवेत तिथेच. पण आवाजाच्या नोंदीत प्रत्येक उंचवट्याच्या आधी दोन बारीक टोकं होती. तिने कानाला लावून ऐकलं.

टक, टक.

"बुश सुटला असंल," तातेराव म्हणाले.

"काका, सुटलेली वस्तू धक्का लागल्यावर वाजते. हे आधी वाजतंय. दोन सेकंद आधी."

"पुढची चाकं आधी चढत्यात ना, पोरी."

तिने तेही मोजलं होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेतीन मीटरसुद्धा अंतर नाही; ताशी तीसच्या वेगात ते अर्ध्या सेकंदाच्या आत संपतं. दोन सेकंद कुठून आणायचे? तिने मोबाइल बदलला. कपाटातली भांडी काढली. तरी अकराच्या अकरा वेळा तसंच. तातेरावांनी रेघ पाहिली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"वहिनी झोपून राह्यल्या ना? मंग झोपू दे की."

पंधरा दिवसांत सत्यशीलाबाईंच्या चेहऱ्यावर तजेला आला. रक्तदाब उतरला. डॉक्टर म्हणाले, काय केलंत ते चालू ठेवा. पण रोज आष्टीला जाताना पुढचे पाटे कुरकुरायला लागले होते. तातेरावांनी गाडी अंगणात लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि पुढची दोन्ही चाकं व पाटे गॅरेजला नेले. आठ दिवस लागतील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुमेधा कॉलेजातून आली तेव्हा घर रिकामं होतं. आई ठोकळ्यांवरच्या गाडीत, आपल्या बर्थवर, गाढ झोपलेली होती. दोन हाका मारल्यावर उठली.

"उभ्या गाडीत झोप लागली?"

"उभी कशाची?" आई आळस देत म्हणाली. "आष्टीला गेल्तो."

"कुणासोबत?"

आई फक्त हसली, आणि चहा ठेवायला आत गेली.

सुमेधाने चाकांच्या जागी पाहिलं. ब्रेकच्या रिकाम्या तबकड्या, ग्रीस, खाली ठोकळे. मग तिने दुसऱ्या दिवशी बर्थखाली मोबाइल ठेवला आणि कॉलेजला गेली. संध्याकाळी रेघ उघडली. अकरा उंचवटे होते. तिसरा आणि चौथा जवळजवळ, शाळेपाशी आहेत तसे. ओढ्यावरच्या पुलाचे सांधेसुद्धा होते, एका ओळीत सहा. प्रत्येक उंचवट्याआधी टक, टक. आवाज ताशी पन्नासचा, त्रेसष्ट डेसिबल.

आणि धक्के तिच्यापेक्षा पुष्कळ हलके होते. गाडी कुणीतरी तिच्याहून चांगली चालवत होतं.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. एक नोंद म्हणजे काहीच नव्हे, असं ती मुलांना शिकवायची. दुसरी घेतली, तिसरी घेतली. तिसऱ्या दिवशी रेघ अकराव्या उंचवट्यापाशी संपली नाही. पुढे चार मिनिटं होती. चौथ्या दिवशी अकरा मिनिटं. आष्टीच्या पुढच्या त्या भागात गतिरोधक नव्हता, पुलाचा सांधा नव्हता, खड्डा नव्हता. आपल्या जिल्ह्यात असा रस्ता तिला माहीत नव्हता. शिवाय, कोणत्याच नोंदीत गाडी परत आलेली नव्हती.

आईला उठवायलाही आता वेळ लागत होता. पहिल्या दिवशी दोन हाका पुरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी खांदा हलवावा लागला. चौथ्या दिवशी तोंडावर पाणी मारून, हात चोळून, सहा मिनिटं गेली. हात गार होते. डोळे उघडल्यावर आईने तिला एकदम ओळखलं नाही.

"उद्या मी भिंती उघडून कापूस काढणार," सुमेधा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "दुसरा भरू. नवा."

"काढ की. पण उद्या एकदा जाऊ दे."

"आई, कुठं जाऊ दे?"

"पुढं रस्ता लई चांगला हाय म्हणत होते." आई समजावणीच्या सुरात बोलत होती, लहान लेकराशी बोलावं तशी. "इतका चांगला की सांगावंच लागत न्हाई."

सुमेधाने आईला हात धरून घरात नेलं. ती रात्रभर जागी राहिली. सकाळी तिने भिंतीचं प्लायवूड काढायला पाना-पेचकस आणायला तातेरावांकडे धाव घेतली. गॅरेजला कुलूप होतं. ते लग्नाला सेलूला गेले होते. परत येते तो अंगणात गाडीचं दार आतून लागत होतं.

ते पूर्ण लागायच्या आत ती आत शिरली.

आई बर्थवर पडली होती, डोळे मिटलेले. सुमेधाने हलवलं. उठली नाही. मग तिने जे ठरवलं ते तिच्या मते सगळ्यात शहाणपणाचं होतं. रेघ आष्टीपाशी संपत होती तोवर आई उठायची, हलकी हाक पुरायची. तेव्हा आपणही सोबत राहायचं, अकरा मोजायचे, आणि अकराव्यालाच तिला उठवायचं. ती समोरच्या बर्थवर आडवी झाली. मधल्या जागेतून हात लांबवून तिने आईचं मनगट धरलं. दुसऱ्या हातात मोबाइल. गाडीची चावी तिच्या ओढणीच्या गाठीत होती.

दार मिटल्यावर अंगणातली चिमण्यांची चिवचिव थांबली. मग खालून बारीक घरघर सुरू झाली.

टक, टक. गाडी हळूच वर चढली, हळूच उतरली. एक.

ऊन खिडकीतून एका बाजूने आत आलं आणि सरकत दुसरीकडे गेलं. टक, टक. दोन. तिसरा आणि चौथा जवळजवळ. पुलाचे सहा सांधे. पाळण्यातसुद्धा इतकं सुख नसेल. तिच्या पापण्या जड झाल्या. आकडा त्रेसष्ट. पाच. सहा. हायस्कूलला असताना शेवटच्या बसने ती अशीच बाबांच्या मागच्या सीटवर झोपत घरी यायची. सात. आठ. ती आठवण तिने मुद्दाम ढकलून दिली. नऊ. दहा.

टक, टक.

अकरा.

"आई," ती म्हणाली. आकडा ऐंशीवर गेला. "आई, ऊठ. आष्टी आली."

आईच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. आता उठेल. सुमेधाने मनगट घट्ट धरलं.

टक, टक.

बारावा.

तिने बर्थची कड पकडली, अंग आवळलं, वाट पाहिली. दोन सेकंद. चार. दहा.

धक्का आलाच नाही.

पडद्यावरची रेघ सरळ झाली होती. आवाजाचा आकडा उतरत होता. साठ. अठ्ठेचाळीस. एकतीस. एकोणीस.

तिने जिवाच्या आकांताने आईला हाक मारली.

आकडा हलला नाही.