चौक्याच्या घाटातली फियाट

इंद्रजीत साळवेचं काम अपघात झालेल्या गाड्या बघायचं. विमा कंपन्यांसाठी तो सर्व्हे करायचा. वीस वर्षांत त्यानं एक नेम कधी मोडला नव्हता: आधी फोटो, मग बोलणं. गाडीचा मालक रडत असो, भांडत असो की चहाचा कप पुढं करत असो, इंद्रजीतचा मोबाइल आधी वर यायचा. बॉनेटखाली नेहमी अंधार, म्हणून फ्लॅश कायम चालू. मग तो खिशातून पातळ कागद काढायचा, चेसीच्या नंबरवर धरायचा आणि वरून पेन्सिल घासायचा. काळ्या रेघोट्यांत आकडे पांढरे उमटायचे. नंबरप्लेट कुणीही बदलतं, माणसं तर सकाळ-संध्याकाळ शब्द बदलतात, पण पत्र्यात ठोकलेला आकडा बदलत नाही, असं त्याचं म्हणणं.

या शहाण्या माणसाला एकच खूळ होतं. जुन्या टीव्ही मालिकांमध्ये दिसलेल्या गाड्या तो हुडकून काढायचा. आजवर अकरा सापडल्या होत्या. एका मालिकेतल्या जमीनदाराची रुबाबदार काळी अँबॅसिडर देवगाव रंगारीत कोंबड्यांचं खुराडं होऊन बसली होती. तिच्यातल्या कोंबड्या हुसकून त्यानं चेसीचा नंबर उतरवला आणि घरी आला तो अंगभर पिसं घेऊन. त्याची बायको निशा म्हणाली, "लोकांचे नवरे देवाला जातात, आमचे भंगाराला."

थट्टा ती करायची, पण कारण तिलाही माहीत होतं. त्या अकरा गाड्या म्हणजे नुसता सराव होता. त्याला हवी होती ती बारावी.

छत्तीस वर्षांपूर्वी 'माळावरचा दवाखाना' नावाची तेरा भागांची मालिका या भागात चित्रित झाली होती. खेड्यापाड्यांत क्रीम रंगाच्या फियाटमधून फिरणारा एक डॉक्टर, अशी गोष्ट. आता या डॉक्टरसाहेबांचं म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मालिकाभर गाडीशिवाय पाऊल नाही, आणि त्या नटाला गाडीच चालवता येत नव्हती. जवळचं दृश्य असलं की तो उभ्या गाडीत स्टेअरिंग हलवायचा. गाडी लांबून जाताना दाखवायची असली की भाड्यानं आणलेल्या त्या फियाटचा ड्रायव्हर डॉक्टरचा कोट चढवून आत बसायचा. तो ड्रायव्हर मोतीराम. इंद्रजीतचा बाप.

मोतीराम तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता आणि इंद्रजीत सातचा. शेवटच्या भागातलं शेवटचं दृश्य चौक्याच्या घाटात घेतलं. डॉक्टर कायमचे गाव सोडून जातात, गाडी पाठमोरी लांब लांब जाते. ती गेली, आणि वळणाशी थांबली. शॉट संपला म्हणून थांबवली असेल, असं सगळ्यांना वाटलं. बराच वेळ कुणी उतरेना, तेव्हा माणसं चालत गेली. गाडी उभी, दार उघडं, आत कोणी नाही. दोन दिवस दरी धुंडाळली. कोटाचं बटणसुद्धा सापडलं नाही.

त्याच दिवशी युनिटमधली एक बाई आजारी पडून मुंबईला निघून गेली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. लोकांनी सुतावरून स्वर्ग गाठला. मोतीराम बाईमागं पळाला, हे त्यांच्या हर्सूल गावभर झालं. त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं ते ऐकलं, गळ्यातली पोत काढली नाही, कुणाशी भांडलीही नाही. तिनं पोरगा वाढवला, लोकांची धुणीभांडी केली. आता साठी उलटली होती, दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आणि डॉक्टरांनी 'घरीच ठेवा' असं सांगितलं होतं. तिची एकच गोष्ट अडून राहिली होती.

"मेला असला तर असू दे," ती म्हणायची. "पर मला सोडून गेला का, तेवढं कळू दे. मी मरताना कामून त्याला शिव्या देऊ?"

घरात मोतीरामचा एकही फोटो नव्हता. होती ती एका मास्तरांनी त्या काळी टीव्हीवरून उतरवून घेतलेली शेवटच्या भागाची कॅसेट. मूळ टेप कुठंच उरल्या नव्हत्या. इंद्रजीतनं ती कॅसेट पेनड्राइव्हवर घेतली होती आणि शंभर वेळा तरी पाहिली होती. पाठमोरी फियाट, खिडकीबाहेर काढलेलं कोपर, बस्स, एवढाच त्याचा बाप. मग मागच्या काचेत क्षणभर एक पांढरा डाग उमटायचा, ब्रेकचे दोन लाल दिवे लागायचे आणि नावं सुरू व्हायची. सर्व्हेच्या सवयीनं त्यानं वहीत टिपून ठेवलं होतं: 'डाग: टेप खराब. ब्रेक: रस्ता मोकळा, कारण कळत नाही.'

गाडीचे मालक कापसाचे व्यापारी बद्रीनाथशेठ केव्हाच वारले होते. त्यांच्या मुलानं माळ्यावरून जुनं आर.सी. बुक काढून दिलं आणि सांगितलं, वडिलांनी ती गाडी सिल्लोडच्या कमरोद्दीन मिस्तरीला देऊन टाकली. डिसेंबरातल्या एका सकाळी, आई नुकती झोपली आहे असं बघून, इंद्रजीत निघाला. चौक्याचा घाट लागला. आता रस्ता रुंद झालाय, ते वळण कापून सरळ केलंय. त्यानं गाडी हळू केली नाही. करवलं नाही.

सिल्लोडला जिनिंगच्या मागं कमरोद्दीनचं आवार होतं. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते आणि सगळीकडं जळक्या ऑइलचा वास होता. सत्तरीपुढचा कमरोद्दीन बाजेवर बसून कार्बोरेटर पुसत होता. इंद्रजीतनं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याचा हात थांबला.

"मोतीरामभाईचा पोरगा," तो म्हणाला. "लई उशीर केला, मियाँ."

आवाराच्या टोकाला, लिंबाच्या गर्द सावलीत फियाट विटांवर उभी होती. क्रीम रंग उडून पत्रा तांबूस झाला होता. चाकं नव्हती, हेडलाइटच्या जागी खोबणी होत्या. इंद्रजीतनं आधी चारी बाजूंनी फोटो काढले. मग बॉनेट उघडायला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

बॉनेट गरम होतं. गाडी आत्ताच लांबून आल्यासारखं.

"ऊन लागतं का इथं?" त्यानं विचारलं.

"दिवसभर सावली," कमरोद्दीन म्हणाला. "उघडा तुम्ही."

आत इंजिन नव्हतं. तुटके पाइप आणि खाली वाळका पाला. इंद्रजीतनं पुन्हा पत्र्यावर तळहात ठेवला. बाजूची भिंत तापली असेल, असं मनाशी म्हणाला. भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती. मग त्यानं कागद काढला आणि नंबरवर धरून पेन्सिल घासली. आकडे स्वच्छ उमटले. आर.सी. बुकाशी ताडून पाहिले. सगळे जुळले.

"घाटातून ही गाडी मीच दोर बांधून, टोचन करून आणली," कमरोद्दीन सांगू लागला. "दुसऱ्या दिवशी दुपारी. चावी लावलेली, पर चालूच होईना. तवाबी बॉनेट असंच गरम. पोलिसांना बोललो, ते हसले. शेठ तिच्यात बसायला घाबरायचे, म्हणले घेऊन जा. मग मी इंजिन विकलं, चाकं विकली. ही काय थंड झाली नाय."

"आत काही सापडलं होतं का? चिठ्ठी, काही सामान?"

"काय बी नाय. पर आईना बघा." म्हाताऱ्यानं समोरच्या काचेवरच्या आरशाकडं बोट केलं. "आमच्या उस्तादची शिकवण हाय. ड्रायव्हरनं लावलेला आईना मिस्तरीनं हलवायचा नाय. गाडी त्याची त्याला जशीच्या तशी परत द्यायची. मोतीरामभाई परत आला नाय, तर आईना बी तसाच हाय. टोचन करतानाबी मी हात लावला नाय. झाडलोट करतो, पर तेवढं सोडून."

इंद्रजीत ड्रायव्हरच्या जागी बसला. आरशात मागची काच दिसायला हवी होती. दिसत होता मागच्या सीटचा डावा कोपरा.

"बघितलं?" खिडकीशी वाकून कमरोद्दीन हळूच म्हणाला. "आईना असा कवा लावतेत? मागं बसलेल्या माणसाकडं बघायचं असलं तर. त्या दिवशी मागं कोणीतरी व्हतं, साहेब. मी हे कुणाला बोललो नाय. तुमच्या आईच्या कानावर जाईल म्हणून."

शॉटमध्ये गाडीत एकटा ड्रायव्हर असायला हवा होता. मग लोक म्हणत होते तेच खरं? सीटखाली दडवून कुणाला घेऊन चालला होता बाप? इतकी वर्षं शोधून, मरणाच्या दारातल्या आईला जाऊन हेच सांगायचं? आपण ही गाडी शोधायलाच नको होती, असं त्याला वाटलं आणि डोळे भरून आले.

कमरोद्दीन पाणी आणायला घराकडं गेला.

इंद्रजीत उतरला आणि मागचं दार उघडून डाव्या कोपऱ्यात बसला. सीटची स्प्रिंग त्याच्या वजनानं कुरकुरली. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. दर रविवारी मोतीराम गाडी धुवायला हर्सूलच्या तलावावर न्यायचा, आणि लहानगा इंद्रजीत या कोपऱ्यात बसायचा. इथून बापाचं तोंड दिसायचं नाही, आरशात नुसते डोळे दिसायचे. मोतीराम मधूनच दोन वेळा भुवया उडवायचा. काय राव, कसं वाटतंय, असा त्याचा अर्थ. मग इंद्रजीतनं हसायचं.

त्यानं आरशाकडं पाहिलं. ड्रायव्हरची रिकामी सीट, लिंबाची पानं.

कापसाचा वास गेला. पेट्रोलचा आला, आणि कडक धुतलेल्या सुती कोटाचा.

सीट बारीक थरथरू लागली.

आरशात डोळे होते.

उजव्या भुवईत जुनी खोक. डोळे रस्त्याकडं बघत होते. मग ते वर आले, त्याच्यावर पडले आणि दचकले. पुन्हा रस्त्याकडं गेले. पुन्हा वर आले.

चष्मा लावलेल्या, केस पिकलेल्या या माणसाला ते निरखत होते. बापापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या मुलाला.

इंद्रजीत पुढं सरकला. तो हसला. लहानपणी हसायचा तसा.

डोळ्यांतली भीती हळूहळू विरली. ते ओले झाले. भुवया उडाल्या. एकदा. दोनदा.

आई, त्याच्या मनात आलं, आईनं छत्तीस वर्षं हे डोळे पाहिलेले नाहीत. आणि विचार पुरा व्हायच्या आत, वीस वर्षांच्या सवयीनं, त्याचा हात वर आला. आधी फोटो, मग बोलणं.

फ्लॅश उडाला.

आरशातले डोळे गच्च मिटले.

खालून करकचून काहीतरी घासलं गेलं. त्याचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं.

मान वर केली तेव्हा आरशात लिंबाची पानं होती. "आबा," तो म्हणाला. बोलायचं होतं ते आता बोलला. तीनदा, चारदा हाक मारली. विटांवरची गाडी हलली नाही.

कमरोद्दीन तांब्या घेऊन आला. इंद्रजीतच्या कपाळावरचं टेंगूळ त्यानं पाहिलं, तांब्या पुढं केला. सवयीनं बॉनेटवर टेकायला गेला आणि तिथंच थबकला. पुन्हा पुन्हा पत्र्यावर हात फिरवून बघत राहिला.

"थंड झाली," तो पुटपुटला. "या अल्ला, ही थंड झाली."

मोबाइलमध्ये फोटो आला होता. आरशाच्या जागी नुसता पांढरा भपका.

इंद्रजीत घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. गोजरबाई जागी होती. तिचा हात उशीवरून पुढं आला.

"गावली का गाडी?"

"गावली, आई."

"मंग?"

तो तिच्याजवळ बसला. "सोडून नाय गेले तुला. गाडीत बाई-बिई कोणी नव्हती. मी खात्री करून आलोय."

"आकड्यानं?"

"व्हय. आकड्यानं."

गोजरबाईनं डोळे मिटले. तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत कानामागं गेलं. "मला ठावंच व्हतं," ती म्हणाली. मग डोळे उघडून म्हणाली, "लाव की ती कॅशेट. एकदा बघू दे."

त्यानं टीव्ही लावला. घाट आला. क्रीम फियाट पाठमोरी निघाली, खिडकीबाहेर कोपर. तिच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना किती दिसत होतं कोण जाणे, पण ती हसत होती. गाडी लहान लहान होत गेली. इंद्रजीतनं रिमोट घट्ट धरला आणि डाग उमटायच्या आधीच चित्र थांबवलं; इथं त्यानं ते आजवर कधी थांबवलं नव्हतं. आणि तो पुढं वाकला. मागच्या काचेत, डाव्या कोपऱ्यात, एक डोकं होतं. पिकल्या केसांचं. त्याच्या बाजूला हात वर आलेला, हातात काहीतरी चपटं, मोबाइलएवढं.

रस्ता पुढं मोकळा होता. इथंच ठेवलं तर गाडी जातच राहील, असं त्याला वाटलं.

"कामून थांबवलंस?" गोजरबाई म्हणाली. "जाऊ दे की त्याला म्होरं."

त्याचा अंगठा रिमोटवरच राहिला. आईनं त्याच्या मनगटावर हात ठेवला, म्हणून त्यानं बटण दाबलं.

काचेत पांढरा उजेड पडला. मग दोन लाल दिवे लागले.

"थांबला बघ," गोजरबाई म्हणाली.