चिंचोक्याची खळ

घोंगडी विणणारा अर्जुना शाळेच्या पडवीत भिंतीला टेकला आणि भिंतीवरचा बैल त्याच्या पाठीवर आला.

"अहो, सरका!" राही शिडीवरून ओरडली.

तो वळला. पांढऱ्या सदऱ्यावर गेरूचा बैल उमटला होता, शिंगांसकट. बावीस पोरंपोरी फिदीफिदी हसली. राही मात्र भराभर शिडी उतरली. बैल वाळून आठ दिवस झाले होते!

"बाई, बैल तुमचा हाय. घ्या परत."

"टेकायला दुसरी भिंत नव्हती तुम्हाला?"

"व्हत्या की. पर तितं तुमी नव्हता..."

राही भिंतीकडे वळली. कान तेवढे तापले.

१९७४च्या जूनमध्ये ती साताऱ्याहून म्हसवडजवळच्या या गावात चित्रकलेची बाई म्हणून आली होती. दर रविवारी ती गावातली पोरं जमवायची. काय काढायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, एकानं काढलेलं दुसऱ्यानं पुसायचं नाही. पोरीही येत होत्या. शाळेचे कारभारी नानासो यांनी अट घातली होती – दसऱ्यापर्यंत चित्र नीट झालं तर ठीक, नाहीतर भिंतीला चुना आणि पोरी घरात. दसरा अकरा दिवसांवर होता.

"रंगात डिंक कमी पडला," ती म्हणाली. "सगळं पुन्हा रंगवावं लागणार."

"आमी घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतो. लोकर जागची हालत न्हाई, रंग काय हालंल?"

"ही भिंत आहे, घोंगडं नाही."

"व्हय. तुमी शिकल्याल्या."

तिला राग यायला हवा होता. हसू आलं.

त्याच्याकडून वाटीभर खळ मागवून घरी तिनं त्यात रंग कालवला आणि एका विटेवर लावून पाहिला. सकाळी अंगठ्यानं खसाखसा घासला. निघेना! ती तशीच अर्जुनाच्या घरी, त्याच्या मागापाशी गेली. "चला. शिकवा आम्हाला."

पोरांनी घराघरांतून चिंचोके आणले. भाजले, सोलले, भिजवले, कुटले. अर्जुनानं चूल मांडून खळ शिजवली. राहीच्या बोटावर थेंब ठेवून म्हणाला, "दोन बोटांत धरून बघा. तार सुटली की उतरवायची."

तिनं बोटं अलगद दूर नेली. तार ताणली... तुटली नाही. तो तारेकडे पाहत नव्हता.

आता रविवारची वाट न बघता रोज नवी खळ शिजायची, रोज तो यायचा.

"एकदम जास्त शिजवून ठेवता येत नाही?"

"आंबती," तो म्हणाला. मग हळूच, "न्हाई आंबली तरी सांगितलं नसतं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नानासो आले. नातीनं रंगवलेल्या कोंबडीवर त्यांनी धोतराचा सोगा जोरात घासला. उलटून पाहिला. पांढराच. पोरांनी श्वास रोखले होते.

"फुडल्या ऐतवारी कुठली भिंत?" नानासोंनी विचारलं.

"चावडीची," राही म्हणाली.

"पोरींस्नी पदर खोचून या म्हणावं. लय उंच हाय ती." आणि ते गेले.

गलका ओसरला. पोरं पांगली. अर्जुनानं पातेलं घासून उपडं ठेवलं. "चला बाई. माझं काम झालं."

"चावडीला खळ लागेल..."

"पोरं शिकली आता."

खरंच होतं ते. राही उभी राहिली. पोरींसाठी नानासोंपुढे तिला बोलता आलं होतं. आता स्वतःसाठी जीभ अडखळत होती.

"पोरं शिकली. पण मला तुम्ही हवे आहात... भिंत असो, नसो."

अर्जुना कितीतरी वेळ ओले हात पुसत राहिला.

"आमी मेंढरामागची माणसं. तुमचं वडील फौजंतलं सुभेदार. चिडतील की."

"चिडतील. आज पत्र लिहिते. तेवढ्यानं नाही भागलं, तर साताऱ्याला जाऊन समोर बसून सांगेन. एकटी नाही... तुम्हाला घेऊन."

त्यानं वर पाहिलं. या वेळी तिनंच नजर हलवली नाही.

"कवा निघायचं," तो म्हणाला, "तेवढं सांगा."