बाबूच्या दादांनू

देवबागहून ह्यांना घेऊन मी दवाखान्यात पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. साल अडुसष्ट. लग्नाला पाच महिने झाले होते, आणि त्यातले शेवटचे तीन हे एक शब्दही बोलले नव्हते. वादळात डोलकाठी मोडून डोक्यात बसली होती. त्याच होडीतून माझा धाकटा दीर बाबू समुद्रात गेला, तो सापडलाच नाही.

डॉक्टर परदेशात शिकलेले. त्यांनी ह्यांच्या डोक्याला चिकट लेप लावून तारा बसवल्या. समोर यंत्र, त्यावर हिरवा दिवा.

"मन शांत झालं की दिवा लागेल. तो बघून मेंदू शांत राहायला शिकतो. विझला की तुम्ही हाक मारा. नावाने."

नावाने! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे परदेशात शिकवत नसावेत. मी सासूबाईंनी शिकवलेलीच हाक मारली.

"अवो... बाबूच्या दादांनू..."

दिवा लागला. विझला. पुन्हा हाक, पुन्हा दिवा. डॉक्टर खूश. खोलीत पंख्याची घरघर आणि स्पिरिटचा वास.

सातव्या हाकेला माझ्या लक्षात आलं. 'बाबूच्या' म्हणताच दिवा लागत होता. 'दादांनू'पर्यंत मी पोचतही नव्हते.

मी गप्प झाले. दिवा विझेना.

ह्यांनी डोळे उघडले. मला बघून पाय आखडून घेतले, अदबीने.

"वैनी... दादा खंय आसा?"

"बोलले!" डॉक्टर ओरडले. "बघा, बोलले!"

"मला वैनी म्हणणारा, दादा कुठे म्हणून विचारणारा एकच होता, डॉक्टर... मघापासून मी त्यालाच बोलावत होते."

"गोंधळ होतो सुरुवातीला. घाबरू नका."

मला माझा नवरा परत हवा होता. आयुष्य कमी होईल तर होवो. मी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा ह्यांचं नाव घेतलं, मोठ्याने.

खाटेवरून कुजबुज आली, "हळू, वैनी... दादा आयकता."

आणि खिडकीबाहेरून, माडांच्या पलीकडून, जिथे फक्त समुद्र आहे तिथून, ह्यांच्या आवाजात 'ओ' आली.

बाहेर न बघता डॉक्टरांनी खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली.